बाराच्या उन्हात पडणारा काटा

दारूची चूळ यंत्राच्या पाठीवर फुर्रकन उडाली आणि रेडिओच्या खोलीत दाटीवाटीनं उभी असलेली चाळीस माणसं श्वास रोखून बघू लागली. आवाज हवेत सोडणाऱ्या प्रक्षेपकावरचा काटा एरवी तीनशे वॅटवर असे, तो एकशेसाठवर मरगळून पडला होता. तो हलला. एकशेऐंशी, दोनशे, दोनशे तीस. खाणकामगारांनी हेल्मेटं काढून छातीशी धरली. गावचा भगत, ताता सेनोबिओ, यानं ओठ पुसले.

"डोंगर प्यायला," तो म्हणाला. "पण पोट भरलं नाही त्याचं. का भरत नाही, ते मी कशाला सांगू?"

सगळ्यांच्या नजरा नेमेसियाकडे वळल्या.

वायरापाता हे बोलिव्हियातलं कथिलाच्या खाणीचं गाव. बाईनं खाणीत पाऊल टाकलं की धातूची शीर रुसते, हा इथला जुना समज. रेडिओ खाणीत नव्हता, पण युनियनचा होता, त्याचा मनोरा खाणीच्याच डोंगरावर होता, आणि दीड वर्षापासून माइकसमोर नेमेसिया बसत होती. यंत्रविद्या ती ओरुरो शहरातल्या एका वर्कशॉपात शिकून आली होती. कार्निव्हलपर्यंत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

कार्निव्हलच्या मंगळवारी इथे प्रत्येक यंत्राला बिअर पाजतात, रंगीत कागदांनी सजवतात. ट्रक, ड्रिल, शिवणयंत्र, कुणी सुटत नाही. यंदा सेनोबिओनं प्रक्षेपकालाही लोकरीच्या दोऱ्यात ओवलेला ताईत बांधला. तेव्हापासून रोज दुपारी पत्र्याचं छप्पर तापलं की रेडिओचा आवाज खोल जायचा, खिंडीपलीकडच्या वस्त्यांना नुसती खरखर ऐकू यायची. ऊन उतरलं की सगळं ठीक. डोंगराला राग यायचा तोही घड्याळ बघून! पण हे बोलणार कोण? सेनोबिओ रोज येई, दारूची बाटली रिकामी करी, अर्धी यंत्रावर आणि अर्धी पोटात. बाई काढा, म्हणे. तिच्या जागी कोण, तर त्याचा मेहुणा. डोंगरानं स्वप्नात येऊन नावानिशी सांगितलं होतं म्हणे.

युनियनचा सचिव रुफिनो भला माणूस होता, पण चाळीस माणसांपुढे तोही ढिला पडला. उद्या बारा वाजता सभा याच खोलीत, काटा पडला तर नेमेसियानं खोलीच्या किल्ल्या द्यायच्या, असं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं.

माणसं पांगली. नेमेसियानं यंत्राच्या पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर हात ठेवला. दारू उडून गेली होती आणि पट्ट्या गार लागत होत्या. ती तशीच थबकली. मग फडकं साध्या पाण्यात पिळून तिनं पट्ट्यांवर फिरवलं आणि काट्याकडे पाहिलं. काटा वर चढत होता.

म्हणजे गारवा हवा होता, दारू नव्हे. पण यंत्र तापलं तरी काटा पडायला नको होता. त्याच पट्ट्यांवर हरभऱ्याएवढा एक संवेदक स्क्रूनं घट्ट दाबून बसवलेला असतो. लहरींना जोर देणारा यंत्रातला ट्रान्झिस्टर तापला की त्याचा जोर कमी होतो. संवेदकाला ती ऊब कळते, तो आतल्या विजेच्या मंडलाला कळवतो, मंडल तेवढा जोर वाढवून देतं. तिनं वाकून पाहिलं. ताईत त्याच स्क्रूला टांगला होता. लोकरीच्या दोऱ्याचे चार वेढे संवेदकाखाली गेले होते. बिचाऱ्याला गोधडीत गुंडाळलं होतं, त्याला यंत्राचा ताप कळणार कसा?

तीन आठवडे तिनं पंखा झाडला, विजेचा दाब मोजला, ताईत मात्र हलवला नाही. कार्निव्हलची सजावट आपणहून गळेपर्यंत तिला हात लावत नाहीत, आणि नेमेसियाही याच गावात वाढलेली. स्वतःची तिला चीड आली. आताही तिनं तो काढला नाही. एकटीनं काढला तर उद्या त्यावर कोण विश्वास ठेवणार?

दुसऱ्या दिवशी बाराला काटा एकशेपन्नासवर होता. सेनोबिओनं बाटलीचं बूच काढलं. नेमेसिया म्हणाली, आधी मी. तिनं ओलं फडकं पट्ट्यांवर ठेवलं. काटा दोनशेवर गेला.

"नळाचं पाणी आहे," ती म्हणाली. "डोंगराला हेही चालतं वाटतं."

फडकं बाजूला करून तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला, तशी माणसं मागे सरली. रात्रपाळीला खाली उतरणाऱ्यांच्या अंगावर खाणीचं छत कोसळेल, सेनोबिओ बजावत होता. संवेदकच जळलेला असला तर? तिनं स्क्रू सैल केला, दोरा सोडवला, संवेदक धातूला टेकवून स्क्रू आवळला. काटा जागचा हलेना. कुणीतरी किल्ल्या मागितल्या. मग काटा चढू लागला आणि तीनशेवर जाऊन थांबला. छप्पर तापून तडतडत होतं. पाच मिनिटं झाली, वीस झाली, काटा तीनशेच.

सेनोबिओ कसला गप्प बसतो! "माफी मागितली हिनं मनातल्या मनात," तो म्हणाला. "डोंगर पावला." दोन-चार माना डोलल्यासुद्धा.

नेमेसियानं दोरा त्याच्यापुढे धरला. "मग तुम्हीच परत बांधा, ताता. तसाच, त्याच स्क्रूला."

त्यानं हात मागे घेतला. शेवटी दोरा रुफिनोनं घेतला. छत पडलं तर माझ्यावर पडू दे, असं पुटपुटत त्यानं तो संवेदकाखाली गुंडाळला. काटा दीडशेवर आला. काढला, तीनशे. परत बांधला, दीडशे. तिसऱ्यांदा काढला तेव्हा खोलीतला प्रत्येक जण काट्याऐवजी सेनोबिओकडे बघत होता. तो बाटली घेऊन केव्हा सटकला, हे मेहुण्यालाही कळलं नाही.

नेमेसिया खुर्चीवर बसली आणि तिनं माइक उघडला. खिंडीपलीकडे तीन आठवड्यांनी भर दुपारी तिचा आवाज स्वच्छ पोचला.

"वायरापाताहून नेमेसिया बोलतेय. डोंगराला मान द्या, मीही देते. पण कुणी चमत्कार दाखवला तर तो पुन्हा करून दाखवायला सांगा, आणि एकदा त्या माणसाशिवाय करून बघा. यंत्र बिघडलं तर आधी स्क्रू तपासा. बाईकडे बोट नंतर दाखवा."