स्लो सायकल आणि माझं एक चाक

आमचे हे, म्हणजे गिरिधर, इतवारीतल्या आमच्या गल्लीच्या गणपतीत दर वर्षी स्लो सायकलची शर्यत जिंकायचे. सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला, आणि पाय टेकला की बाद. हे सायकलवर असे निश्चल बसायचे की फोटो काढून घेताहेत असं वाटावं. मग वर्षभर जेवताना त्याच गोष्टी ऐकायला मी. चौऱ्याहत्तर साली मंडळानं बायकांनाही घ्यायचं ठरवलं. मी नाव देते म्हटल्यावर ह्यांना ठसकाच लागला.

"तू? तुले एका जागी थांबता येते का वं?"

खरं म्हणजे नाहीच येत. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. पण ह्यांच्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. यंदा ह्यांना हरवायचं, तेही सगळ्या गल्लीसमोर, एवढंच मी मनाशी धरलं.

दोन चाकांवर मी पहिल्याच दिवशी सपशेल आडवी झाले. सायकल दुरुस्तीवाले मधुसूदनभाऊ मात्र हसले नाहीत. तरुणपणी ते दिवसचे दिवस सायकलवरून न उतरणाऱ्या एका खेळवाल्याबरोबर गावोगाव हिंडले होते. त्यांनी दुकानात टांगलेली एकचाकी खाली काढली. एक चाक, वर सीट, ना हँडल ना ब्रेक.

"वहिनी, तुमच्यासाठी हेच बरं. याच्यावर थांबाचं असन त हलतच राहा लागते."

दुपारी धान्याच्या गोदामामागे, रिकाम्या पोत्यांच्या ढिगाशेजारी शिकवणी सुरू झाली. सासूबाईंचं नऊवारी घट्ट काष्टा घालून नेसायची. आधी भिंत धरून, मग भाऊंच्या काठीचं टोक धरून, मग काहीच न धरता थेट पोत्यांत. सरळ जाणं जमलं, पण खरी मजा पुढे होती. चाक अर्धं पुढे, अर्धं मागे, पाळण्यासारखं. एके दिवशी मी तिथल्या तिथे झुलत राहिले आणि पडेचना. इतकं हसू आलं की शेवटी हसण्यानंच पडले. मग एक पाय पेडलवरून उचलून चाकावरच्या चिमट्यावर, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या माथ्यावर, ठेवायचा आणि दुसऱ्यानं झुलायचं, तेही शिकायला घेतलं. ते दहादा केलं तर एकदा साधायचं. केसांत भुसा घेऊन घरी यायची आणि डाळ पाखडत होते म्हणून सांगायची.

शर्यतीच्या दिवशी माझी एकचाकी पाहून मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत गोंधळले. पाय टेकायचा नाही, आपला पट्टा सोडायचा नाही, हे नियम होते. चाकं किती, ते कुणी कधी ठरवलंच नव्हतं. ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं असणार, पण मी नजर समोर ठेवली.

शिट्टी वाजली. शेजारचा अनंत घाबरून भराभर पेडल मारत पार पोचला, बाकीचे पाय टेकून बाद झाले. उरलो आम्ही नवराबायको, शेजारशेजारच्या पट्ट्यांत. हे दगडासारखे, मी झुलतेय. लोक ओरडले, थकले, चहा पिऊन परत आले. आरतीची वेळ झाली. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. आता पडणारच, तर थाटात पडावं म्हणून मी एक पाय उचलला आणि चिमट्यावर ठेवला. तोल राहिला.

शेजारून टाळ्या आल्या, आणि लगेच सायकल पडल्याचा आवाज. ह्यांनी हँडल सोडून टाळ्या वाजवल्या होत्या.

मला संताप आला. मुद्दाम हरलात म्हणून मी वरूनच भांडायला लागले.

"नाही वं चारू," हे धुळीतून म्हणाले, "मी सायकलवर आहो, हेच विसरलो."

खोटं बोलताना ह्यांचा चेहरा कसा होतो ते मला पक्कं ठाऊक आहे. हा तो नव्हता. मी नीट बघायला वळले आणि रेषेच्या अलीकडेच ह्यांच्या अंगावर कोसळले.

दत्तोपंतांनी आम्हा दोघांनाही बाद केलं. पाय न टेकता पोचलेला एकटा अनंत, म्हणून स्लो सायकलचा कप सगळ्यांत जोरात गेलेल्या माणसाला मिळाला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आनंदानं ऊर फुटायची वेळ आली होती. आरती सुरू झाली तरी आम्हाला हसता हसता उठवेना. मी ह्यांना हरवलं की नाही, यावर गल्लीत अजून वाद चालतो. ह्यांना विचारलं तर हातातलं काम ठेवून सांगतात, हरवलं.