लव्हाळ्यातलं तिसरं मूल

लव्हॉनच्या मते दूरच्या नात्यातल्या इव्हँजेलिन आत्याला गोष्ट सांगताच येत नव्हती. मागे गोरे सैनिक लागलेले, खापरपणजी आपली तीन लेकरं नदीकाठच्या लव्हाळ्यात लपवते, एवढीशी ती गोष्ट. पण म्हातारी मध्येच कुणाचं घोडं, कुणाची सासू, कुणाच्या पायताणाची शिवण असलं चऱ्हाट लावायची. आणि शेवट ठरलेला. "थोरली विनोना, तिच्या वंशातली मी. मधला हेपान, त्याचा आपला डेल्मर. धाकटी हापस्टिन, तिची तू. म्हणून ही गोष्ट आपली, कळलं का गं?" लव्हॉन जांभई गिळून मान डोलवायची. तिला फक्त त्या गोष्टीचं मुलांसाठी पुस्तक हवं होतं, वर आपलं नाव छापलेलं.

शहरातल्या संपादिकाबाई मोठ्या गोड होत्या. तीन मुलांनी लहानग्यांचा गोंधळ उडतो, म्हणाल्या, मधला काढू या. त्यांच्या डकोटा जमातीत, अमेरिकेतल्या त्या मूळ रहिवाशांत, कितवं मूल त्यावरूनच नाव पडतं, मधलं नाव काढलं की पंगतीत एक पान रिकामं राहतं, हे त्या बाईला कुठून कळणार? लव्हॉनला कळत होतं, तरी तिने हेपानवर खुशाल फुली मारली.

त्या रविवारी आत्याकडे जेवताना तिने विचारलं, "डेल्मर नाही आला?"

"कोण डेल्मर?"

डोकं गेलं थेरडीचं, लव्हॉन मनात म्हणाली. परतताना बघते तर डेल्मरच्या घराच्या जागी कंबरभर गवत, तिथे कधी चूल पेटल्याची खूणसुद्धा नाही. गेला असेल बिऱ्हाड उचलून, एकदाची ब्याद टळली.

मग बाईंचा निरोप आला की, चित्रात एकटीच मुलगी जास्त काळजाला भिडते. लव्हॉनला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण असल्या खुळ्या भीतीपायी हातचं पुस्तक कोण घालवतं? हापस्टिनही गेली.

पुस्तक देखणं निघालं. ते घेऊन ती आत्याकडे गेली. आत्याने अदबीने बसवलं, कॉफी दिली, चष्मा पुसून सगळं वाचलं.

"आमची विनोना," ती म्हणाली. "एकटीच होती बिचारी." मग तिने नव्या माणसाला विचारायची रीत असते तसं विचारलं, "तुम्ही कुणाच्या?"

"आत्या, मी लव्हॉन. हापस्टिनची."

"असं कुणी आमच्यात झालं नाही, बाई." आत्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "ही आमच्या घरातली गोष्ट. तुम्ही कुठून चोरलीत?"