पाठ करून आलेलं खरं

मित्रांनो, मी खेळण्यातला एक जुना लाकडी बंगला आहे. उंची स्टुलाएवढी. छप्पर उडालंय, त्यामुळे हवा मात्र छान खेळते. सुताराने मला घडवलं तेव्हा माझ्यात आई, बाबा आणि बाळ राहायचे. पुढे बाबा हरवले. त्यांच्या जागी डायनासोर आला. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

मी मानसशास्त्रज्ञ मॅडमच्या खोलीत असतो. आईबाबा वेगळे झाले आणि मूल कुणाकडे राहणार हे ठरेना, की कोर्ट त्याला इथे पाठवतं. मूल एकदा आईबरोबर खेळतं, एकदा बाबांबरोबर, एकदा एकटं. मॅडम गप्प बसून बघतात आणि अहवाल लिहितात. "हा बंगला माझं अर्धं काम करतो," असं त्या पूर्वी कौतुकाने म्हणायच्या. उरलेलं अर्धं कोण करतं, ते मला कळलेलं नाही.

एकदा सात वर्षांची टिकली आली. आईबरोबर ती शहाण्यासारखी खेळली. दोघींनी माझ्या खुर्च्या सरळ लावल्या. बाबाबरोबर खेळताना तिने डायनासोरला मोरीत उभं केलं.

"हा मी?" बाबाने विचारलं.

"हो. तू भांडी घासतोयस."

"शेपटीने?"

"मग काय! हात बघ की केवढुसे!"

दोघं इतके हसले की माझी एक खिडकी निखळली.

मग ती एकटी आली. मॅडमनी काही विचारायच्या आतच ताठ उभी राहिली. "माझ्या सर्वांगीण विकासासाठी मला वडिलांकडे राहणे हितावह वाटते."

"हे कुणी शिकवलं, बाळा?"

"बाबाने. पण मला तसंच वाटतं."

"सर्वांगीण म्हणजे काय गं?"

टिकलीने बराच विचार केला. "हातपाय वगैरे."

मुलीला पढवून आणलंय, असं अहवालात गेलं. तेही खरंच होतं. टिकली आईकडे गेली. बाबा महिन्यातून दोनदा.

निकाल समजावून सांगायला मॅडमनी तिला पुन्हा बोलावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी कुठे अडखळले का? परत म्हणून दाखवू?"

"नको गं राणी. झालं आता."

"मग न शिकवता म्हणू?"

मॅडम पाणी प्यायला उठल्या. तांब्या रिकामा होता, तरी प्यायल्या.

मित्रांनो, घरच्या मोठ्यांना एवढंच सांगा, की आमच्या तोंडात तुमची वाक्यं घालू नका. पण हे सांगताना तुम्ही जरा अडखळा, पाठ केल्यासारखं वाटायला नको. आणि हे मी सांगितलंय, असं मुळीच म्हणू नका. नाहीतर तुम्हालाही पढवलंय म्हणतील.