नुसते ओठ

"तू नुसते ओठ हलव," असं मी ताईला सांगितलं. हे वाक्य मी शाळेत शेकडो मुलांना सांगितलंय. गाणं शिकवणाऱ्या माणसाला बेसूर मुलांचं दुसरं काय करायचं ते कळत नाही. पण शाळेतली मुलं धडधाकट होती.

ताईला कंपवात आहे. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं, पण या दुखण्यात आवाजही बारीक होत जातो, हे कुणाला ठाऊक नसतं. आणि ताईचा आवाज! तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. मागच्या दारातून ओरडली की शेजारच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा ब्रेक दाबायचा.

दवाखान्यात दर मंगळवारी अशा चौदा रुग्णांचा गाण्याचा वर्ग भरायचा. शिकवायला माझं नाव ताईनेच सुचवलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सूर चुकला तरी चालेल, मास्तर, जोर कमी होऊ देऊ नका. हा त्यांच्या गळ्याचा व्यायाम आहे." मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जातंय! पण त्यांचं खरं होतं. दोन महिन्यांत ताईची हाक स्वयंपाकघरातून दाजींपर्यंत पोचायला लागली.

मग बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, दवाखान्याचा कार्यक्रम ठरला आणि माझ्या अंगात मास्तर संचारला. माझे शाळेतले जुने सहकारी ऐकायला येणार होते. चौदांपैकी चौघं बेसूर होते, आणि त्यांत सगळ्यात मोठ्याने गायची ती ताई. मी चौघांनाही एकेक करून व्हरांड्यात नेलं आणि ते वाक्य ऐकवलं. तिघांनी मुकाट्याने मान हलवली. ताई हसली.

"लहानपणी तुला गाणी मीच शिकवली रे."

"तरीच मला एवढी वर्षं लागली सुधारायला."

"बरं बाबा. माझ्यामुळे तुझी मान खाली जायला नको."

तीन महिने तिने एकही मंगळवार चुकवला नाही. शेवटच्या रांगेत बसून इमानेइतबारे ओठ हलवत राहिली. घरी भाजी चिरताना गायची, तेही बंद केलं. बेसूर गळ्याची सवय मोडायला हवी, असं तिने दाजींना सांगितलं. मला मात्र वर्ग छान जमल्याचा आनंद होता. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

काल सकाळी दाजींचा फोन आला. ताई न्हाणीघरात पडली होती.

"हाड मोडलं नाही," ते म्हणाले. "पण अर्धा तास तशीच होती. मी बाहेरच पेपर वाचत होतो रे. ती हाका मारत होती म्हणे. मला वाटलं, नळ कुरकुरतोय."

मी धावतपळत गेलो. ताई पलंगावर टेकून बसली होती. मला पाहून तिने ओठ हलवले, नुसतेच. मला हायसं वाटलं, हसूही आलं.

"ताई, चेष्टा पुरे आता."

"चेष्टा नाही," दाजी म्हणाले. "ती बोलतेय."

मी खाली बसलो आणि कान तिच्या तोंडाशी नेला. हाच आवाज मला शेवटच्या रांगेतून खुपला होता.

"मंगळवारी येते मी," ती म्हणत होती. "काळजी करू नकोस, गाणार नाही."

"गा ताई. आत्ता गा. कसंही गा."

तिने नकारार्थी मान हलवली. "आधी तुझा कार्यक्रम होऊ दे."

मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. व्हरांड्यात जाऊन मी उरलेल्या तिघांपैकी पहिल्याचा नंबर लावला. गृहस्थांनी स्वतःच उचलला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, त्यामागे काहीतरी पुटपुटल्यासारखं.

"ऐकू येत नाहीये," मी म्हणालो. "जरा मोठ्याने बोला."