कॉलरच्या कागदावरचं अभिनंदन

रोज सकाळी चाळीस सुया. वीस पांढऱ्या दोऱ्याच्या, दहा काळ्या, उरलेल्या दहा गिऱ्हाईक बघून.

निवृत्त दंतवैद्याचा गळा साडेसोळा इंच आहे. तो पंधरा सांगतो.

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो.

पृथ्वी गोल आणि कागद सपाट, ही नकाशे काढणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे.

चिंध्यांच्या टोपलीत सापडलेली कागदाची पट्टी: ‘...वारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत न कळविल्यास आपली जागा...’

हे सगळं एकाच आठवड्यातलं, आणि एकाच घरातलं. खाली आत्याचं शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या. त्या खोल्यांत आत्या, तिचा धाकटा भाऊ आणि त्या भावाची मुलगी. मुलीला घरात खडू म्हणतात. लहानपणी ती कापडावर खुणा करायचा खडू चाखून बघायची. आता तिची बारावी झाली होती, तरी नाव काही पुसलं गेलं नव्हतं.

खडूनं तीन कॉलेजांत अर्ज केले होते आणि तिन्हीकडून होकाराची पत्रं आली होती. घरात मात्र तिनं दोनच दाखवली.

पहिलं कॉलेज बसनं वीस मिनिटांवर. दुसरं दोन तासांवर, म्हणजे आठवड्याला घरी येता येईल असं. तिसरं इतकं लांब, की गाडीत बसल्यावर एकदा जेवायचं, झोपायचं आणि उठून पुन्हा जेवायचं. पण नकाशे कसे काढतात हे शिकवणारं तेवढंच एक होतं. अर्जात तिनं लिहिलं होतं, की सपाट कागद गोल खांद्यावर कसा बसवायचा हे ती आत्याच्या टेबलाखाली बसून शिकली आहे. कागदाला योग्य जागी चिमटा घ्यावा लागतो, एवढंच. तिथल्या कुणाला तरी ते आवडलं असावं. पत्र आलं ते जाड, दुधासारख्या पांढऱ्या कागदावर.

‘‘तिसऱ्यांचं काय झालं गं?’’ बाबांनी विचारलं होतं.

‘‘नाही आलं अजून. येणारही नाही. मी जवळच्यातच जाते.’’

‘‘त्यांचंच नशीब फुटकं,’’ आत्या म्हणाली आणि चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा तुरपाईला लागली.

तुरपाईच तर सगळ्याच्या मुळाशी होती. आत्याचं मशीन वाऱ्यासारखं पळतं, पण शर्टाच्या कडा ती हातानं घालते. ‘मशीनची कड दिसते, हाताची कळते,’ असं तिचं म्हणणं. आणि गेल्या काही वर्षांत तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. म्हणून खडू शाळेत जाण्याआधी चाळीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. दिवसभर एकेक सुई संपत जायची. एकदा खडू तापानं पडली, तेव्हा आत्यानं दुपारी दुकानच बंद केलं आणि कारण सांगितलं, ‘‘गिऱ्हाईकंच नाहीत.’’ खिडकीतून खडूला तीन गिऱ्हाईकं परत जाताना दिसली होती.

तेव्हा निवड झालेलीच होती. फक्त तिसऱ्या पत्राचं काय करायचं, ते कळत नव्हतं. फाडवेना. मग सोमवारी तिनं ते कापायच्या टेबलाखालच्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवलं. कागदांत कागद लपतो, असा तिचा हिशेब.

शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलीनं असा हिशेब करावा म्हणजे कमाल झाली. त्या घरात कोरी पाठ असलेला कागद लपत नसतो. तो माप कापून घ्यायला नंबर लावून उभा असतो.

बुधवारी बाबा उशिरा जेवायला बसले. ते लिफ्ट दुरुस्त करतात, आणि त्या दिवशी स्वतःच तासभर आत अडकले होते.

‘‘वैद्याला पडसं,’’ आत्या म्हणाली.

‘‘हस तू. माझ्याबरोबर एक बाई होत्या, त्यांनी सगळी बटणं दाबली. एकूण एक. मी म्हटलं, बाई, लिफ्टला कळायला पाहिजे ना कुठं जायचंय ते.’’ त्यांनी खडूकडे बघितलं. ‘‘तुझं ठरलंय ना नक्की? चेहरा तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे दिसतोय.’’

‘‘ठरलंय, बाबा. भाजी वाढू?’’

‘‘भाजी नको, उत्तर वाढ.’’

तिनं भाजीच वाढली.

गुरुवारी सकाळी सुया ओवून झाल्यावर, आत्या अजून वर आहे असं बघून, पत्र एकदाच शेवटचं वाचायला म्हणून तिनं गठ्ठा काढला. पत्र नव्हतं. पूर्ण गठ्ठा दोनदा उपसला. मग टोपली उपडी केली, आणि चिंध्यांत ती पट्टी सापडली: पाच वाजेपर्यंत न कळविल्यास. मुदत शुक्रवारची होती. खडू जमिनीवर बसली. जायचं नाहीच हे ठरलेलं असताना डोळ्यांत पाणी कशाला यावं, हे काही तिला समजेना.

तेवढ्यात दंतवैद्य आले. त्यांचा शर्ट कापायचा होता. पाठोपाठ आत्याही जिना उतरली.

‘‘पंधराच ना, डॉक्टर?’’

‘‘पंधरा, ताई. कॉलेजपासून पंधरा.’’

‘‘तो गळा कॉलेजातच राहिला. टेप खोटं बोलत नाही. खडू, खिळ्यावरचा कॉलरचा कागद दे गं. मंगळवारी नवीनच कापलाय डॉक्टरांसाठी, साडेसोळाचा. काय सुरेख जाड कागद मिळाला, अजिबात वळत नाही.’’

खडूनं खिळ्यावरून कागद काढला. कॉलर. दुधासारखा पांढरा. तिनं कोरी बाजू वर धरून तो पुढं केला. पण हात पुढं आला तो डॉक्टरांचा. आपला गळा खरंच एवढा आहे का, याची त्यांना शहानिशा करायची होती. त्यांनी कागद उलटा केला आणि चष्मा लावला.

‘‘हे काय हो? माझ्या कॉलरवर अभिनंदन लिहिलंय.’’

‘‘साडेसोळा झाल्याबद्दल असेल,’’ आत्या म्हणाली.

‘‘नाही नाही. ‘नकाशाशास्त्र विभागात आपली निवड’... पुढं मान येते.’’ त्यांनी कागद लांब धरला. ‘‘खाली मुलीचं नाव आहे, ताई. तुमच्या.’’

आत्यानं कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, अक्षर काही लागेना. मग बोटानंच कागदाची जाडी चाचपत राहिली.

‘‘कधी आलं?’’

‘‘शनिवारी.’’

‘‘आणि लपवलंस. कुठं लपवलंस, तर माझ्या कागदांत. अगं, अक्कल नावाची वस्तू तिसऱ्या कॉलेजात ठेवून आलीस का?’’

‘‘मला जायचं नाहीये.’’

‘‘का?’’

खडूनं उशीकडं बघितलं. आत्याचीही नजर तिच्यामागं तिकडंच गेली. चाळीस सुया, चाळीस शेपट्या.

‘‘ह्यांच्यासाठी?’’ आत्या स्टुलावर बसली. ‘‘चार वर्षं रोज चाळीस म्हटलं तरी किती होतील?’’

‘‘साठ हजाराच्या आत,’’ डॉक्टरांनी मधेच सांगितलं.

‘‘डॉक्टर, तुमचे डोळे कसे आहेत?’’

‘‘चष्म्यानं उत्तम. आयुष्यभर दाढांच्या भोकांत बघितलंय मी.’’

आत्यानं डब्यातली एक रिकामी सुई आणि काळा दोरा त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी जीभ दातांत धरली आणि एका दमात ओवली. मग कुणी न सांगता दुसरीही घेतली.

‘‘झालं,’’ आत्या म्हणाली. ‘‘मापाला येईल त्यानं पाच ओवायच्या. कापड घ्यायला येईल त्यानं तीन. वाद घालणाऱ्यानं दहा. डॉक्टर, गळा किती?’’

‘‘साडेसोळा,’’ डॉक्टर घाईनं म्हणाले.

‘‘आत्या, लोक हसतील तुला.’’

‘‘हसू देत. हसताना हात रिकामेच असतात ना? आणि ऐक. मला दिसत नाही ही माझी अडचण आहे, ती तू तुझ्या शिक्षणाला टाचून ठेवू नकोस. तुला जायचं नसेल तर नको जाऊस. पण तसं माझ्याकडं बघून सांग, उशीकडं बघून नको.’’

खडूनं आत्याकडं बघितलं. ‘‘मला जायचंय,’’ ती म्हणाली, आणि आवाज चिरकला म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.

‘‘मग त्या चिंध्या चाळ. एक कपटा सोडायचा नाही.’’

तिघांनी मिळून जमिनीवर पत्र जुळवलं. कॉलर मधोमध, भोवती कपटे. बाबा दुपारी जेवायला आले तेव्हा डॉक्टर गुडघ्यांवर होते आणि ‘आपली जागा’चा पुढचा तुकडा शोधत होते. तो बाबांच्या बुटाला चिकटून आला.

आत्यानं ते मशीनवर घेतलं. चिकटपट्टीचा विचार तिच्या मनात आलाच नाही. निळा दोरा, मोठा टाका, कागद फाटू नये म्हणून मशीन पायानं नाही, हातानं चाक फिरवत. शेवटी पत्राच्या तळाची, होकाराच्या सहीची चौकट जागेवर आली. खडूनं तिथं सही केली. पत्राचा फोटो काढून पाठवायचा होता, तो बाबांनी काढला. दोनदा, कारण पहिल्यात डॉक्टरांचा अंगठा आला होता.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं: ‘मिळाले. आपला प्रवेश निश्चित झाला आहे. पत्र शिवलेले का आहे, हे कुतूहल म्हणून विचारत आहोत.’

दुकानाच्या दारावर आता पाटी आहे. खडूच्याच अक्षरात, माप आणि सुयांचा दर लिहिलेली. लोक हसतात आणि ओवतात.

आई गेल्यावर खडू बाबांबरोबर इथं राहायला आली, त्याच आठवड्यात आत्यानं ‘मला दिसत नाही गं’ म्हणत तिला पहिली सुई ओवायला दिली. खडू तेव्हा सहा वर्षांची होती, आणि आत्याची नजर अगदी ठणठणीत होती.