गादीची अब्रू

गादीवाल्याला कुठेही बसवा, आधी तो अंगठ्याने बैठक दाबून बघणार. वकीलबाईंच्या खुर्चीतला फोम पार बसला होता. दुसरीकडे कुठे असता तर त्याने बदलून द्यायची तयारीही दाखवली असती, पण आज तो स्वतःच अडलेला होता, म्हणून मुकाट्याने बसला.

अडचण सरळ होती. त्याची सात वर्षांची मुलगी दर शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडे यायची आणि रविवारी परत जायची. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तो तिला खार म्हणायचा. दीड महिन्यापूर्वी खार घरी गेली ती पाठभर चाव्यांच्या लाल गांधी घेऊन. एका ओळीत तीन, खाली पुन्हा तीन. तिच्या आईचा आणि त्याचा संसार मोडून दोन वर्षं झाली होती, पण रविवारांवरून कधी वाद झाला नव्हता. आता तिने फोनवर एकच सांगितलं, "खोलीत ढेकूण नाहीत असं लेखी आणा. तोवर पोरगी येणार नाही." तेव्हापासून सहा रविवार त्याने भिंतीकडे बघत काढले होते.

"मार्ग आहेत," वकीलबाई म्हणाल्या. हे फुकट सल्ल्याचं ऑफिस होतं आणि बाहेर बाकावर आणखी सातजण बसले होते, त्यामुळे त्या भरभर बोलत होत्या. "खोली सामानासकट भाड्याने दिलीय, पलंग-गादी मालकाची. तेव्हा जबाबदारी त्याची. त्याला नोटीस देऊ. पालिकेच्या आरोग्य खात्याकडून पाहणी करून घेऊ, त्यांचा अहवाल कोर्टात चालतो. मग भाडं कमी करून मागता येईल, पोरीच्या औषधाचा खर्च मागता येईल, खोली सोडायची तर अनामत परत मागता येईल. मागे एक बाई आल्या होत्या, लॉजवर उतरलेल्या. बाई हुशार. सकाळी उठल्या उठल्या चादरीचे फोटो काढले, चार ढेकूण बाटलीत घातले आणि तक्रारवहीत मॅनेजरची सही घेतली. लॉजवाल्याची बोलतीच बंद झाली. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे?" गादीवाल्याला अभिमान वाटला. "एक ढेकूण शिल्लक ठेवला नाही. गादी उसवली, कापूस उन्हात घातला, खोळ उकळली, आणि असा टाका घातलाय की ती उघडली होती हे सांगून कुणाला पटायचं नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पुरावा तुम्हीच उकळलात."

आता यात त्या बिचाऱ्याची चूक म्हणावी तर आहे आणि नाही म्हणावी तर नाही. त्याला हा धंदा काकांनी शिकवला. जुनी गादी दुरुस्तीला आली आणि तिच्यात ढेकूण निघाले, तर गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा काकांच्या दुकानातला पहिला नियम. मागच्या अंगणात न्यायची, साफ करायची, आतून टाका घालून परत द्यायची आणि तोंड बंद ठेवायचं. आणि समजा गिऱ्हाईक समोर उभं असतानाच एखादा ढेकूण शिवणीतून बाहेर आलाच, तर काका पटकन म्हणायचे, "आमच्याच दुकानातला दिसतोय. फार झालेत हल्ली." समोरच्या बाईच्या जिवात जीव यायचा. तिची गादी, तिचं घर, तिची अब्रू शाबूत राहायची, आणि ती आयुष्यभर दुसऱ्या दुकानात जायची नाही. तीस वर्षं गादीवाल्याने असे शेकडो ढेकूण स्वतःच्या नावावर घेतले होते. त्याला त्याचं काहीच वाटत नसे.

मालकाकडे तो गेला होता, नाही असं नाही. पण गेला तो सगळं स्वच्छ करून झाल्यावर. मालक दारातच म्हणाला, "ढेकूण नव्हतेच, तर नाहीत असं कशाला लिहून देऊ?" गादीवाला मान डोलावून परत आला.

"ते भिंतीत असतात," वकीलबाई म्हणाल्या. "परत येतील. आले की मारू नका. फोटो काढा, तारीख लिहा, बाटलीत ठेवा. मी आजच नोटीस पाठवते आणि पाहणीचीही तारीख घेते. आणि माझ्यावर एक कृपा करा, आता काही साफ करू नका."

ढेकूण परत आले. स्विचबोर्डच्या मागून, पलंगाच्या सांध्यांतून, खिडकीच्या चौकटीतून आले. ज्या माणसाने तीस वर्षं ते दिसले की चिरडले, तो आता त्यांना चिमट्याने उचलून जपून बाटलीत सोडत होता. अंग खाजवून सोललं. दुकानात कापूस पिंजताना हात आपोआप मानेकडे जायचा आणि गिऱ्हाइकाने बघितलं की तो हात खिशात घालायचा. बाटलीत अकरा झाले. पाहणीची तारीख मंगळवारची मिळाली. फावल्या वेळात त्याने खारीच्या बाहुलीसाठी हातभर लांबीची गादी शिवली. नव्या कोऱ्या कापसाची, निळ्या खोळीची, न दिसणाऱ्या टाक्याची.

मंगळवार यायच्या आधी शुक्रवारी मालक आला. नोटीस मिळाल्यापासून त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. सोबत पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला होता.

"अहो, कोर्टकचेरी कशाला आपल्यात? आत्ता फवारून देतो. आणि हा कागदही घ्या. पोरगी या रविवारी येऊ दे की!"

कागदावर दोनच वाक्यं होती. खोलीतले ढेकूण भाडेकरूच्या गाद्यांच्या धंद्यातून आले. घरमालकाने स्वखर्चाने फवारणी केली असून खोली आता ढेकूणमुक्त आहे.

गादीवाल्याने दोन्ही वाक्यं वाचली. त्याला कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही. पण पहिलं वाक्य त्याला ओळखीचं वाटलं, अगदी घरचं. आमच्याच दुकानातला दिसतोय. एवढ्यावर समोरच्याचं समाधान होत असेल तर होऊ दे, आपलं काय जातंय? दुसऱ्या वाक्यात त्याचा रविवार होता. त्याने सही केली. मग बाटली उकळत्या पाण्यात रिकामी केली, घासली आणि पालथी घातली.

शनिवारी त्याने वकीलबाईंना आनंदाने फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला एक फोन करायचात हो," त्या म्हणाल्या.

"तुमचा वेळ वाचला ना, बाई," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

रविवारी त्याने नवा शर्ट घातला, केस कापून घेतले आणि एका हातात कागद, दुसऱ्या हातात बाहुलीची गादी घेऊन दोन जिने चढला. खारीच्या आईने आतलं लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही. कागद तिने फटीतून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला.

"खोलीचं ठीक आहे," ती म्हणाली. "पण ते तुमच्या धंद्यातून आलेत असं लिहिलंय."

"अगं, ते असंच लिहायचं असतं. मालकाचं मन राखायला."

"खाली सही तुमची आहे ना?"

"आहे."

"मग खोली फवारून काय उपयोग? रोज दुकानातून तुम्ही येणार." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. इतके दिवस रोज चादरी उकळून तिच्या हातांची सालं निघाली होती. "मी काय करू, तुम्हीच सांगा. तिला रात्र रात्र झोप नव्हती."

तिच्या मागून खार आली. एरवी ती जाळीला लोंबकळली असती. आज ती आईच्या कमरेमागे उभी राहिली.

"बाबा, ते तुझ्या अंगावर राहतात?"

गादीवाल्याने तोंड उघडलं. तीस वर्षांत लोकांच्या ढेकणांबद्दल त्याने हजार वेळा खोटं सांगितलं होतं, तेही हसत हसत. आज खरं सांगायचं होतं.

"नाही गं," तो कसंबसं म्हणाला. "हे बघ, तुझ्या बाहुलीला गादी आणलीय."

खार गादीकडे बघत राहिली. हात पुढे केला नाही. "हिच्यात आहेत?"

तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. खिशात कात्री असायचीच. टाका असा आत लपलेला की त्याला स्वतःलाच शोधायला वेळ लागला. सापडला तसा त्याने तो कापला, मग पुढचा, मग पुढचा. गिऱ्हाइकासमोर गादी उसवायची नाही, हे काका गेले तरी त्याने पाळलं होतं. आज त्याने पोरीसमोर खोळ उलटी केली, कापूस बाहेर काढला आणि चिमूट चिमूट मोकळा करून जाळीपुढे धरला.

"बघ. नुसता कापूस आहे. नीट बघ."

खार जाळीपाशी आली. वाकून, डोळे बारीक करून तिने प्रत्येक चिमूट तपासली. पांढरे पुंजके जिन्यावर पसरत गेले. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून वर बघायला लागलं, तरी तो थांबला नाही.

"संपला का कापूस?" खारीने विचारलं.

"संपला."

"मग आता शर्ट," ती म्हणाली.

तिची आई एकदम म्हणाली, "पुरे गं, आत जा." पण खार हलली नाही. गादीवाल्याने कात्री पायरीवर ठेवली आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.