टॉवेलाखालचं उत्तर

"पोरगी हाय का घाण्याचा बैल? आधीच मुरबाडला जाऊन येऊन वाळते, त्यात आता तो प्रगत वर्ग!" कमळनं भाकरी तव्यावर आपटली. थोरल्या दिराला उलट बोलायची रीत नाही, म्हणून ती तव्याला बोलत होती.

थोरला दीर महिपत ओटीवर बसून सगळं ऐकत होता. "देवजी, तुझ्या बायकोला सांग, साध्या वर्गात बसून कोन कलेक्टर झालाय काय? मॅडमनी स्वताहून पोरीचं नाव काढलंय. लक्ष्मी टिळा लावायला आली नि तुमी तोंड धुवायला चाललात!"

मधे बसलेला देवजी नुसता मान खाजवत होता. त्याची लेक कुणाली यंदा मुरबाडच्या कॉलेजात अकरावी आर्ट्सला लागली होती. इतिहासाचे तिथं दोन वर्ग होते. एक साधा, सगळ्यांचा. दुसरा प्रगत, निवडक पोरांचा. त्यात पुस्तकं जास्त, दर शनिवारी परीक्षा, आणि पुढच्या मोठमोठ्या परीक्षांची तयारी आत्तापासूनच. इतिहास शिकवणाऱ्या सोनाली मॅडम आज फोन करून उत्तर विचारणार होत्या.

देवजीचं स्वतःचं मत म्हणाल, तर तो टोकावड्याच्या ढाब्यावर चार माणसांत सांगून मोकळा झाला होता, "आमची कुनाली वरच्या वर्गात हाय!" दोन चहा त्यानं त्या आनंदात पाजलेही होते.

आणि कुणाली? ती दाराशी उभी राहून नखं कुरतडत होती.

"तू बोल ना गो," देवजी म्हणाला.

"तुमी म्हनाल तसं."

झालं! पुन्हा तेच वाक्य. लहानपणापासून पोरीचं हेच. फ्रॉक कुठला घ्यायचा, तुमी म्हनाल तसं. जत्रेत पाळण्यात बसायचं का, तुमी म्हनाल तसं. लोक म्हणायचे, काय गुणाची पोर! देवजीला मात्र धास्ती वाटायची. उद्या कुणीही येऊन हिच्या गळ्यात दावं अडकवलं तरी ही मान पुढं करील आणि म्हणेल, तुमी म्हनाल तसं. वर्ग कुठला का असेना, पण या पोरीला स्वतःचं असं काही आहे की नाही?

देवजी बैलांचा दलाल. म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. ट्रॅक्टर आले, धंदा बसला, पण माणूस ओळखायची सवय काही गेली नाही. 'द्या तुमच्या मनानं' म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात आकडा पक्का असतो, फक्त चारचौघांत तो बोलवत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर बाजारात टॉवेल असतो. टॉवेलाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं धरून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही, कुणाचा मान जात नाही. आणि धरलेल्या बोटाला 'का' विचारायचं नाही, हा बाजाराचा कायदा.

तो एकदम उठला. "चल गो माज्यासंग."

मागच्या पडवीत त्यानं तिला समोर बसवलं आणि खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

"काकाला भितीस, आयला भितीस, मला तर भितीसच. हितं कोन बघत नाय. साधा वर्ग आसंल तर माजं एक बोट धर, प्रगत आसंल तर दोन. मी का म्हनून इचारनार नाय."

कुणालीला हसू आलं. "बाबा, मी काय बैल हाय?"

"नाय गो. तू धनीन हायस. बैल तो वर्ग."

ती हसायची थांबली. टॉवेल हलला. तिनं त्याचं एक बोट धरलं.

देवजीचा चेहरा उतरला. ढाबा आठवला, पाजलेले चहा आठवले. पण दलाल पडला ना! घासाघीस केल्याशिवाय त्याला राहवेना. त्यानं हात सोडवून घेतला आणि तिचीच दोन बोटं धरून दाबली.

कुणालीनं मान खाली घातली. देवजीला वाटलं, आता ही नमणार, नेहमीसारखी नमणार! पण तिनं बोटं सोडवली आणि पुन्हा त्याचं एकच बोट असं आवळलं, की ते कडकन वाजलं.

"आयाया!" देवजी ओरडला. आणि त्याला रडूच फुटलं. वर्ग गेला चुलीत! त्याच्या पोरीला बापाला नाही म्हणता येत होतं. किती वर्षांचं ओझं होतं ते, छातीवरून उतरल्यावर त्याला कळलं.

डोळे पुसून तो ओटीवर आला. "मी ठरवलंय. साधा वर्ग."

"तू ठरवलंस?" महिपत कडाडला. "अकलेचा कांदा! पोरीचं वाटोळं करशील!"

देवजीनं सगळं ऐकून घेतलं. दोन्हीकडच्या शिव्या दलालानंच खायच्या असतात. तेवढ्यात फोन वाजला.

"देवजीभाऊ, काय ठरलं?" सोनाली मॅडमनी विचारलं.

"साधा वर्ग, मॅडम. माजाच निर्नय हाय तो."

"नाय मॅडम." कुणालीनं त्याच्या हातातून फोन घेतला. आवाज कापत होता, पण सगळ्या घराला ऐकू जात होता. "बाबांचा नाय. माजा हाय. मला इतिहास लय आवडतो. दर शनवारी परीक्षा आली तर मला त्याची भीती बसंल. मला तो आवडीनं शिकायचाय."

पलीकडे मॅडम हसल्या. "अगं वेडे, मग घाबरतेस कशाला? साध्या वर्गालाही मीच शिकवते. उद्या ये वेळेवर."

महिपत तोंड उघडं ठेवून पुतणीकडे बघत राहिला. "असं तोंडानं बोलायचं की आधी," एवढंच तो पुटपुटला. कमळनं तव्यावरची गरम भाकरी लेकीच्या ताटात वाढली.

देवजी पायरीवर टेकला होता. धनी आणि गिऱ्हाईक एकमेकांशी सरळ बोलायला लागले की दलालानं उठायचं असतं. तो उठला, आणि सौदा हातातून गेल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.